हळू आच

पहिली डीव्हीडी रिकामी निघाली.
निनादच्या कॅफेत सगळं दिसत होतं,
जाऊबाईंच्या टीव्हीत घातली
तर नुसता निळा पडदा.
जाऊबाई म्हणाल्या, रंग छान आलाय.

निनाद हसला नाही, गुणी पोरगा.
म्हणाला, काकी, तुम्ही डिस्कमध्ये प्रोजेक्टची फाईल भरलीत.
तिच्यात फोटो नसतात.
कुठला फोटो कुठल्या फोल्डरात ठेवलाय
एवढंच तिला ठाऊक असतं.
नुसते पत्ते.

सासऱ्यांची लाल वही आठवली.
नागरकोईल, सिलिगुडी, मेरठ, राजमुंद्री,
गलाईची दुकानं बदलतील तसे
खोडून पुन्हा लिहिलेले पत्ते,
माणूस एकही नाही आत.
विट्याच्या निम्म्या घरांत अशी वही असेल.
ती डिस्कमध्ये भरून काय दिसणार?

मग नीट शिकले.
फोटो ओढायचा, खाली पट्टीवर सोडायचा,
माऊसचं बोट उचलायचं नाही तोवर.
माझं मध्येच उचललं जायचं
आणि लग्नातला फोटो
थोरल्याच्या बारशात जाऊन पडायचा.

सव्वीस वर्षांत आम्ही दोघं एका फोटोत
अकरा वेळा.
सॉफ्टवेअर प्रत्येकाला पाच सेकंद देतं, आपणहून.
खाली बेरीज लिहून आली: पंचावन्न सेकंद.
मी दुसरीकडे बघितलं.
मग एकेकाला वीस वीस दिले.
निनाद म्हणाला, काकी, लोकं कंटाळतील.
म्हटलं, लोकांना कुठं दाखवायचीय.

टीव्ही कडा खातो, हेही तेव्हाच कळलं.
कॉम्प्युटरवर पूर्ण दिसणारा माणूस
टीव्हीवर अर्धा जातो.
भैरोबाच्या जत्रेतल्या फोटोत
सगळे भाऊ मधोमध, ताठ,
आणि मी कडेला, हातात नैवेद्याचं ताट.
ताट राहिलं, मी गेले.
निनादनं फोटो जरा लहान केला,
चारी बाजूंनी काळी पट्टी सोडली,
तेव्हा आत आले.

दुसरी डिस्क बासष्ट टक्क्यांवर मेली.
लोडशेडिंग.
ती शेवग्याला टांगलीय,
ऊन पडलं की पाखरं बिचकतात.

रात्री यांचा फोन आला तेव्हा विचारलं,
बर्न करताना वेग विचारतंय,
सोळा एक्स घेऊ का चार?
यांना काय कळणार त्यातलं.
तरी थोडं थांबून म्हणाले,
जाळायचंच आहे ना? मग हळू आच दे.
घाई केली की माल धुरात जातो.

चार एक्स.
ट्रे आत गेला, घरघर सुरू झाली.
मी स्टुलावर बसून राहिले
मुशीसमोर हे बसत असतील तशी,
म्हणजे मी कधी बघितलं नाही,
पण तशीच.
शेवटी निनादनं फायनलाइझ केलं.
ते राहिलं तर म्हणे
दुसऱ्या घरच्या मशिनीत डिस्क उघडत नाही.

मेनूवर नाव लिहायची जागा होती.
मराठीत टाइप केलं तर चौकोन उमटले,
सात चौकोन, एका रांगेत.
राहू दे म्हटलं, बरोबर आहे.

कुरिअरनं आठ दिवस घेतले.
नवव्या रात्री फोन.
लावली, म्हणाले. बराच वेळ झाला.
तो पहिलाच पडदा फिरतोय,
तेच संगीत परत परत,
पुढं काही जात नाही.
म्हटलं, अहो, तो मेनू आहे.
रिमोटवरचा बाण दाबा, मग ओके.

असं होय, म्हणाले.
इथं कोपऱ्यात छोट्या चौकटीत तू दिसतेस,
ताट घेतलेली.
मला वाटलं एवढंच आहे.
तेच बघत होतो.

मग बाण दाबा की.

उद्या दाबतो, म्हणाले.